तारीख बदलली, पण तिकीट बदललं नाही: विमानतळावर अडवणारा घोळ आणि त्यावरचे उपाय

चवथ संपली की आठवडाभरात माझ्या म्हापशाच्या ऑफिसात ही तक्रार येतेच. माणूस नवा असतो, गोष्ट तीच असते. दीड दिवसाच्या गणपतीसाठी म्हणून मस्कतहून किंवा दोह्याहून आलेला मुलगा मामाकडच्या सात दिवसांच्या गणपतीलाही थांबायचं ठरवतो आणि परतीची तारीख पुढे ढकलून घेतो. मोबाइलवर बुकिंग उघडलं की नवी तारीख दिसते, नाव बरोबर, विमानाचा नंबर बरोबर. निश्चिंत होऊन बॅगा भरतो. आणि विमानतळावर काउंटरवरची मुलगी पडद्याकडे बघत म्हणते, "बुकिंग आहे, पण तिकीट नाही."

मी वीस वर्षं तिकिटं काढून देते आहे. हे वाक्य ऐकल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो ते मी पाहिलं आहे. मागच्या वर्षी डिचोलीकडचा एक मुलगा असाच मोपच्या विमानतळावर अडकला. रात्रीची वेळ, आई आणि भाऊ सोडायला आलेले, बॅगेत फणसाचे पापड नि कोकमं. त्याने मला फोन केला. "काकी, माझं नाव दिसतंय, तारीख दिसतेय, तरी हे सोडत नाहीत." तिकीट मी काढलेलं नव्हतं, त्याच्या कंपनीने मस्कतमधून काढलं होतं. मी फक्त विचारलं, तुझ्याकडच्या पावतीवर तिकीट नंबर कोणता आणि पावती कोणत्या तारखेची? पावती सहा महिन्यांपूर्वीची निघाली. तारीख बदलल्यानंतर नवी पावती त्याला कधी आलीच नव्हती. तिथल्या एजंटाने बुकिंगमध्ये तारीख बदलून ठेवली होती, तिकीट पुन्हा काढलंच नव्हतं. मस्कतला ऑफिस बंद. ते विमान त्याचं गेलं. दुसऱ्या दिवशी एकेरी तिकीट काढून त्याला जावं लागलं, कारण ड्यूटी चुकवता येत नव्हती.

हा घोळ घरबसल्या दोन मिनिटांत पकडता येतो, म्हणून सगळं नीट लिहून काढते आहे.

बुकिंग वेगळं, तिकीट वेगळं

पीएनआर म्हणजे सहा अक्षर-आकड्यांचा क्रमांक. विमान कंपनीच्या यंत्रणेत तुमच्या नावाने धरून ठेवलेली जागा, एवढाच त्याचा अर्थ. तिकीट ही वेगळी नोंद असते: त्या जागेचे पैसे मिळाले आणि अमुक भाड्याने, अमुक नियमांनी मिळाले, याची. त्याला तेरा आकड्यांचा स्वतःचा नंबर असतो आणि पहिले तीन आकडे कंपनीचे असतात. एअर इंडियाचं तिकीट ०९८ ने सुरू होतं, एमिरेट्सचं १७६ ने, कतार एअरवेजचं १५७ ने. प्रवासाच्या प्रत्येक टप्प्याला तिकिटात एक कूपन असतं. काउंटरवर बोर्डिंग पास निघतो तो या कूपनाच्या जोरावर. पीएनआरवर नवी तारीख आणि कूपनवर जुनी, अशी दोघांची फारकत झाली की यंत्रणा पास देत नाही.

१ जून २००८ पासून आयाटाने, म्हणजे विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेने, कागदी तिकिटं बंद केली. त्याआधी हे समजावून सांगावं लागत नसे. हातात चोपडीसारखं तिकीट असायचं, तारीख बदलली की त्या कूपनवर नव्या तारखेचं स्टिकर चिकटवून द्यायचे किंवा जुनं जमा करून नवं लिहायचे. स्टिकर नसेल तर घरातल्या आजीलाही कळायचं की काम अर्धवट आहे. आता स्टिकर नाही आणि मोबाइलवर दिसतो तो बहुतेक वेळा फक्त पीएनआर.

इंडिगोसारख्या कमी खर्चाच्या कंपन्यांच्या थेट बुकिंगमध्ये पीएनआर हेच सहसा तिकीट असतं, आणि फरकाचे पैसे भरल्याशिवाय बदल पक्काच होत नाही. त्यामुळे हा विशिष्ट घोळ तिथे क्वचित दिसतो. आखात, युरोप, अमेरिकेच्या मोठ्या कंपन्या, आणि एकाच तिकिटावर दोन कंपन्यांची विमानं असतील तेव्हा मात्र हमखास.

घरी बसून तपासायचं कसं

तारीख बदलून घेतली की एजंटाकडे किंवा कंपनीकडे नवी ई-तिकीट पावती मागा. "झालं हां, मेसेज आला असेल" एवढ्यावर थांबू नका. पावतीवर तीन गोष्टी बघायच्या. तिकीट नंबर बदलला आहे का? इश्यूची तारीख आजची आहे का? आणि जुन्या तिकिटाचा नंबर 'याच्या बदल्यात' अशा नोंदीत कुठेतरी छापला आहे का? तिन्ही असतील तर रीइश्यू झालं आहे, म्हणजे तिकीट पुन्हा काढलं गेलं आहे. फक्त प्रवासाची तारीख नवी आणि नंबर जुनाच असेल तर लगेच घाबरू नका. काही वेळा कंपनी त्याच नंबरावर तारीख बदलते, त्याला रीव्हॅलिडेशन म्हणतात. भाडं आणि मार्ग तोच राहिला आणि नियमात सोय असली तर हे चालतं. पण मग कंपनीला फोन करून नेमका हा प्रश्न विचारा: "माझ्या तिकिटाच्या कूपनवर कोणती तारीख आहे आणि कूपनची स्थिती काय आहे?" "बुकिंग कन्फर्म आहे का" असं विचारलंत तर उत्तर हो असंच येईल, कारण बुकिंग कन्फर्म असतंच. नेमकं तिथेच माणसं फसतात.

कूपनची स्थिती सांगणारे ठरावीक शब्द आहेत, तेवढे ओळखीचे करून ठेवा. 'ओपन फॉर यूज' म्हणजे वापरायला मोकळं, हेच हवं. 'एक्स्चेंज्ड' म्हणजे या तिकिटाच्या बदल्यात दुसरं निघालं आहे. मग नवा नंबर शोधा, तो कधी कधी निघालेला असतो पण पीएनआरला जोडायचा राहून जातो. हे काम कंपनीच्या माणसाला पाच मिनिटांचं आहे, फक्त त्याला नंबर द्यावा लागतो. 'एअरपोर्ट कंट्रोल' म्हणजे कूपनचा ताबा विमान चालवणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडे गेला आहे, तिने सोडल्याशिवाय तिकीट देणारी कंपनी काही बदलू शकत नाही. 'सस्पेंडेड' म्हणजे कंपनीने काही कारणाने रोखलं आहे. 'रिफंडेड' आणि 'व्हॉइड' या दोन्हींत तिकीट संपलं.

तान्ह्या बाळाचं तिकीट वेगळं तपासा. मांडीवरच्या बाळालाही आंतरराष्ट्रीय प्रवासात स्वतःचा तिकीट नंबर असतो. आई, बाबा, मोठी मुलगी, तिघांची तिकिटं रीइश्यू झाली आणि बाळाचं जुन्या तारखेवरच राहिलं, असं मी एकदा नव्हे, चार-पाच वेळा पाहिलं आहे. बाळाला आसन नसतं म्हणून ते डोळ्यांना दिसत नाही.

आणि गोव्यापुरती आणखी एक गोष्ट: विमानतळ बघा. ५ जानेवारी २०२३ पासून मोप सुरू झाल्यावर आपल्याकडे दोन विमानतळ आहेत. तिकिटावर जीओआय असेल तर दाबोळी, जीओएक्स असेल तर मोप. तारीख बदलताना नव्या दिवसाचं विमान दुसऱ्याच विमानतळावरून असू शकतं आणि फोनवर बोलताना दोन्हीकडे "गोवा" एवढंच म्हटलं जातं. मडगावचा माणूस सवयीने दाबोळीला पोचला आणि विमान मोपहून असलं, तर मधलं अंतर कापेपर्यंत काउंटर बंद होतो. विमानतळ बदलला की तो नुसता तारखेचा बदल राहत नाही, तिकीट बहुतेक वेळा पुन्हा काढावंच लागतं.

हा घोळ नेमका होतो कुठे

पहिली जागा म्हणजे वर सांगितलेली: एजंट बुकिंग बदलतो आणि रीइश्यू करायचं राहतं. कधी तो फरकाचे पैसे यायची वाट बघत असतो, कधी विसरतो. तिकीट मस्कतमध्ये काढलेलं असेल तर मी म्हापशात बसून ते रीइश्यू करू शकत नाही, हे लोकांना पटायला वेळ लागतो. तिकीट ज्याने काढलं तो एजंट, नाहीतर विमान कंपनी स्वतः, या दोघांनाच त्याला हात लावता येतो. शेजारचा ओळखीचा एजंट कितीही चांगला असला तरी त्याच्या हातात काही नसतं. म्हणून आखातातून येताना त्या एजंटाचा फोन आणि ईमेल घेऊन या, आणि शुक्रवारी मस्कत-दोह्यात बहुतेक ऑफिसं बंद असतात हे धरून चाला.

दुसरी जागा लोकांच्या लक्षात येत नाही आणि माझ्या मते जास्त धोकादायक आहे. तुम्ही काहीच बदललेलं नसतं, कंपनीनेच वेळ बदललेली असते. विमान कंपन्यांची वेळापत्रकं वर्षातून दोनदा बदलतात: मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी. नाताळासाठी कोणी जूनमध्ये तिकीट काढलं तर ते अजून पक्क्या न झालेल्या हिवाळी वेळापत्रकावर काढलेलं असतं. मग सप्टेंबर-ऑक्टोबरात वेळ सरकते. कधी अर्धा तास, कधी थेट दुसरा दिवस. बुकिंगमध्ये नवी वेळ आपोआप येते, एजंटाच्या यंत्रणेत एक सूचना येऊन पडते. ती स्वीकारून तिकीट नव्या वेळेशी जुळवणं हे त्याचं काम. सूचना रांगेत पडून राहिली की डिसेंबरात तोच संवाद: बुकिंग आहे, तिकीट नाही. यात प्रवाशाची चूक कणभरही नसते, आणि भोगतो मात्र तोच.

इथे एक फार महत्त्वाचा सावधगिरीचा शब्द. कंपनीने वेळ बदलल्याचा संदेश आला आणि नवी वेळ तुम्हाला परवडत नसेल, तर घाईने वेबसाइटवर 'कॅन्सल' दाबू नका. तुम्ही स्वतः रद्द केलंत की यंत्रणा तो तुमच्या मर्जीचा बदल धरते आणि दंड कापते. कंपनीने केलेला मोठा बदल हा कंपनीच्या बाजूचा बदल असतो. त्यात दुसरं विमान फुकट मिळणं किंवा पूर्ण पैसे परत मिळणं हा वेगळा रस्ता असतो. किती तासांच्या बदलाला हे लागू होतं ते प्रत्येक कंपनीच्या अटींत लिहिलेलं असतं. तसंच, 'स्वीकारा' हे बटण विचार करूनच दाबा. एकदा स्वीकारलं की तो दुसरा रस्ता सहसा बंद होतो. आधी फोन करा, ईमेलवर विचारा, उत्तर लेखी घ्या, मग बोट लावा.

तिसरी जागा कोकण रेल्वेची. गोवा ते मुंबई आणि पुढे लंडन असं एकच तिकीट. जुलैचा पाऊस, विमान उशिरा येईल ही भीती, शिवाय दादरला बहीण राहते. म्हणून माणूस आदल्या रात्री मडगावहून कोकणकन्या पकडतो, बहिणीकडे जेवतो आणि मुंबईच्या विमानतळावर जातो. तिथे कळतं की तिकीटच रद्द आहे. कूपनं क्रमाने वापरायची असतात. पहिल्या टप्प्याला तुम्ही गैरहजर राहिलात की पुढचे सगळे टप्पे, परतीसुद्धा, यंत्रणा काढून टाकते. "मी पैसे दोन्ही विमानांचे भरले, एक वापरलं नाही तर कंपनीचा फायदाच झाला ना?" हा प्रश्न मला दर पावसाळ्यात ऐकू येतो. प्रश्न साधा आणि बरोबर वाटतो, पण भाडं टप्प्यांचं जोडून झालेलं नसतं. गोवा ते लंडन असं एकच भाडं असतं, आणि मुंबई ते लंडनचं वेगळं, कधी कधी त्याहून महागही. उपाय एकच: रेल्वेने जायचं ठरलं की गोव्याचं विमान सुटायच्या आधी कंपनीला सांगून पहिला टप्पा काढून तिकीट रीइश्यू करून घ्या. पैसे लागतील, पण नव्या तिकिटाएवढे सहसा नाहीत.

बदलाची फी साडेतीन हजार, मग बिल दहा हजारांचं कसं?

माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त आवाज चढतो तो इथे. फी म्हणजे दंड, आणि दंड हा बिलाचा एक तुकडा आहे. दुसरा तुकडा भाड्याचा फरक.

एकाच विमानाच्या एकाच इकॉनॉमीत पाच-सात किंवा जास्त बुकिंग क्लास असतात, प्रत्येकाला इंग्रजी अक्षर. आसन तेच, जेवण तेच, भाडं आणि नियम वेगळे. समजा तुमचं तिकीट एल क्लासचं आहे. नव्या तारखेला एल संपला आहे आणि के उघडा आहे. एल आणि के यांच्यात परतीच्या टप्प्यापुरता फरक ६,२०० रुपयांचा आहे. दंड ३,५०० रुपये. बिल झालं ९,७००. (आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत, रीत हीच असते.) "बदल फुकट" असं लिहिलेल्या भाड्यातही हा फरक द्यावाच लागतो. फुकट असतो तो दंड. मोफत बदलाचं तिकीट म्हणून जास्त पैसे मोजलेल्या एका जोडप्याला चवथीनंतरच्या रविवारी फरकाचे आठ हजार भरावे लागले, तेव्हा त्यांचा राग मला समजत होता. तिकीट विकताना हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

म्हणून तारीख विचारताना अशी विचारा: "याच क्लासमध्ये जागा असलेली सगळ्यात जवळची तारीख कोणती?" नुसतं "१८ तारखेला होईल का" विचारलंत तर १८ चं बिल मिळेल. आमच्याकडे रविवारऐवजी मंगळवारी गेल्याने फरक शून्यावर आल्याची उदाहरणं आहेत.

वेळेचाही भाग आहे. प्रवास सुरू व्हायच्या आधी बदल केला तर बऱ्याच नियमांत जाण्या-येण्याचं पूर्ण भाडं आजच्या दराने नव्याने मोजलं जातं. पहिला टप्पा उडून झाल्यावर बदल केला तर उडालेल्या भागाला जुनाच दर लागतो. आणि विमान सुटायच्या आधी बदल न करता नंतर केला तर तो 'नो शो'. तिथे दंड कितीतरी वाढतो, काही भाड्यांत तिकीटच मरतं. जायचं नाही एवढं जरी नक्की झालं, नवी तारीख ठरली नसली, तरी विमान सुटायच्या आधी जागा सोडा. ही एक सवय लावून घेतलीत तर माझ्या अंदाजाने या लेखातले निम्मे पैसे वाचतील.

आणि हे नियम बघायला मागा. प्रत्येक भाड्याबरोबर नियमांचं एक लांबलचक पान असतं, त्यात क्रमांक घातलेले विभाग असतात. दंडाची माहिती १६ क्रमांकाच्या विभागात, मर्जीने केलेल्या बदलाचा हिशेब ३१ मध्ये, मर्जीने घेतलेल्या परताव्याचा ३३ मध्ये. किमान मुक्काम ६ मध्ये, कमाल मुक्काम ७ मध्ये. परतीची तारीख फार पुढे नेली की या सातव्याशी गाठ पडते. एजंटाला "कॅटेगरी सोळा पाठवा" म्हणालात की त्याला कळतं तुम्हाला काय हवं आहे. मी तर तिकीट देतानाच तेवढा मजकूर सोबत पाठवते. न वापरलेलं तिकीटही सहसा इश्यूच्या तारखेपासून वर्षभरच जगतं, आणि रीइश्यू केल्याने ते वर्ष नव्याने सुरू होत नाही.

अर्धं तिकीट वापरलं, अर्धे पैसे का नाहीत?

येण्याचं विमान वापरलं, परतीचं रद्द केलं. जाऊन-येऊन मूळ भाडं समजा १८,०००. माणूस हिशेब करतो, निम्मे ९,०००, दंड ४,०००, हातात ५,०००. कंपनी असा हिशेब करत नाही. ती म्हणते, तुम्ही शेवटी एकेरीच प्रवास केलात, तर एकेरीचं भाडं धरू. ते १३,५००. अठरा हजारांतून साडेतेरा गेले, राहिले ४,५००, त्यातून दंड ४,०००. हातात ५०० आणि न वापरलेले कर. जाऊन-येऊनचं भाडं बऱ्याचदा एकेरीच्या दुप्पट नसतं, मुळात म्हणूनच ते स्वस्त वाटतं. परतीची खात्री नसेल तर तिकीट काढतानाच दोन एकेरीचा भाव विचारून बघा.

नॉन-रिफंडेबल म्हणजे सगळंच बुडालं असं नाही

हे मला ठासून सांगायचं आहे, कारण इथे लोक हक्काचे पैसे सोडून देतात. डीजीसीएची, म्हणजे आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, प्रवाशांच्या परताव्यासाठी वेगळी नियमावली आहे: सिव्हिल एव्हिएशन रिक्वायरमेंट्स, सेक्शन ३, सिरीज एम, पार्ट २. तिच्याप्रमाणे तिकीट रद्द केलं किंवा वापरलंच नाही, तरी सरकारी कर आणि विमानतळाची यूडीएफसारखी शुल्कं परत द्यावी लागतात, भाडं सवलतीचं असो वा नॉन-रिफंडेबल. रद्द करण्याचा दंड मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त घेता येत नाही. परतावा देण्यासाठी वेगळी प्रक्रिया फी घेता येत नाही. पैसे क्रेडिट शेलमध्ये (म्हणजे पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडेच जमा) ठेवायचे की परत घ्यायचे, हा निर्णय प्रवाशाचा. कंपनी परस्पर ठरवू शकत नाही. आणि तिकीट एजंटाकडून काढलं असलं तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीची, कारण एजंट तिचा प्रतिनिधी असतो.

२०१६ मध्ये याच नियमावलीत तिकीट काढल्यावर ठरावीक तासांत दंडाशिवाय बदलण्याची किंवा रद्द करण्याची मुभाही आली. तेव्हा ती २४ तासांची होती, आणि प्रवास फार जवळ असेल तर लागू नव्हती. या मुदतीचा आणि अटींचा ताजा आकडा डीजीसीएच्या संकेतस्थळावर तिकीट काढतानाच पाहून ठेवा. नावात चूक झाली असेल तर ती त्याच दिवशी सांगा. उशीर होईल तसं ते काम महाग होत जातं.

परदेशी कंपन्यांना मात्र परतावा आपापल्या देशाच्या नियमांनुसार द्यायची मोकळीक आहे. आखाती कंपनीशी बोलताना डीजीसीएचा कागद पुढे करून भांडण्याआधी हे लक्षात ठेवा.

पावतीवरच्या करांच्या रांगेत एक फसवी गोष्ट असते. वायक्यू आणि वायआर ही अक्षरं कराच्या रकान्यात छापलेली असली तरी ते सरकारी कर नव्हेत, कंपनीने लावलेले अधिभार आहेत, आणि आंतरराष्ट्रीय तिकिटात ते मोठे असतात. ते परत मिळणार की नाही, ते भाड्याच्या नियमावर अवलंबून. के-३ म्हणजे जीएसटी. एजंटाची स्वतःची सेवा फी वेगळी, ती त्याच्याशी बोलून ठरवायची. जवळच्या नात्यातल्या मृत्यूसाठी अनेक भाड्यांच्या नियमांत दंडमाफी असते. दुःखात कुणाला सुचत नाही, म्हणून घरातल्या दुसऱ्या कुणीतरी विचारावं. मृत्यूचा दाखला आणि नातं दाखवणारा कागद लागतो.

काउंटरवर अडकलातच तर

चेक-इनच्या रांगेत वाद घालू नका, तिथल्या माणसाला तिकीट काढायचा अधिकार बहुतेक वेळा नसतो. त्याच कंपनीचा तिकीट काउंटर किंवा ड्यूटी मॅनेजर विचारा. एकाने तिथे उभं राहायचं, दुसऱ्याने कंपनीच्या फोनवर राहायचं. तोंडात तीन वाक्यं तयार ठेवा: माझा तिकीट नंबर हा. कूपन ओपन आहे का? असेल तर याच बुकिंगवर आत्ता रीइश्यू करा, फरक मी कार्डने भरतो. कंपनीला तिकीट दिसलं आणि कूपन मोकळं असलं की हे काम होऊ शकतं. अडचण उरते ती वेळेची. आंतरराष्ट्रीय काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, म्हणून तारीख बदललेल्या माणसाने नेहमीपेक्षा तासभर आधीच निघावं.

ते जमलं नाही आणि नवं तिकीट काढावंच लागलं, तर विमान सुटायच्या आधी जुन्या बुकिंगची जागा सोडायला सांगा, म्हणजे 'नो शो' लागणार नाही. काउंटरवर जे सांगितलं ते एका कागदावर लिहून मागा, नाही दिलं तर स्वतः वेळ आणि काउंटर नंबर टिपून ठेवा, आणि त्याच रात्री कंपनीला आणि एजंटाला एकच ईमेल पाठवा. त्यात पीएनआर, तेरा आकडी नंबर, तारीख बदलल्याच्या संदेशाचा फोटो, नव्या तिकिटाची पावती. डिचोलीच्या मुलाने असंच केलं. मस्कतच्या एजंटाने चूक मान्य केली आणि एकेरी तिकिटाचा मोठा भाग त्याला परत मिळाला, चार महिन्यांनी का होईना.

परतावा मंजूर झाला म्हणतात आणि खात्यात येत नाही, तेव्हा आधी बघा की पैसे मूळ कुठल्या कार्डाने भरले होते. पैसे त्याच कार्डावर परत जातात. दुबईच्या भावाने कार्ड वापरलं असेल तर ते त्याच्याकडे जातील, तुम्ही इथे पासबुक तपासत बसाल. एजंटामार्फत काढलेल्या तिकिटात कंपनीकडून एजंटाकडे आणि त्याच्याकडून तुमच्याकडे, असे दोन टप्पे असतात. म्हणून दोघांनाही एकच प्रश्न लेखी विचारा: कोणत्या तारखेला, किती रक्कम, कोणाच्या खात्यात सोडली? कार्डावर सोडली असेल तर एआरएन, म्हणजे त्या कार्ड व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, मागा. तो बँकेत दिला की पैसे कुठे थांबले आहेत ते बँक शोधून काढते. "प्रोसेसमध्ये आहे" या उत्तरावर तारीख नसते, एआरएनवर असते.

तरीही हलत नसेल तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाका. ती संबंधित कंपनीकडे जाते आणि तिची स्थिती तुम्हाला दिसत राहते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तक्रारीत कागद क्रमाने लावा: मूळ पावती, रद्द केल्याची तारीख-वेळ, भाड्याच्या नियमातलं सोळा नंबरचं पान, कंपनीचं उत्तर. आणि रक्कम नेमकी लिहा. "माझे पैसे द्या" याऐवजी "करांचे ४,३१२ रुपये येणं आहे" असं लिहिलेल्या तक्रारीला उत्तर लवकर येतं, हे मी माझ्या टेबलावर पुन्हापुन्हा पाहिलं आहे.